सल्लागाराची उमेदवारी

ज्या वयात कोथिंबिरीची जुडी ताजी की शिळी याविषयी माझा शब्द घरात प्रमाण मानला जात नव्हता, आणि घराला कोणता रंग द्यावा यासंबंधी मी आपण होऊन मांडलेले मत वहिनींनी ‘बरं, बघू’ एवढ्यावर दफ्तरी दाखल करून टाकले होते, त्याच वयात मुंबईच्या एका सल्लागार कंपनीने मला नेमणुकीचे पत्र धाडून, ज्यांचे कारखाने माझ्या जन्माआधीपासून चालू होते अशा मालकांना ते कसे चालवावेत हे सांगण्याच्या कामगिरीवर रुजू करून घेतले. या व्यवहारातील विसंगती आमच्या घराण्यात प्रथम कोणाला जाणवली असेल तर ती आत्याला. एका लग्नाच्या पंगतीत, वाढप्याला मसालेभाताची खूण करीत, तिने माझी उलटतपासणी आरंभिली.

“नोकरी कसली रे ही?”

“सल्ला देतो, आत्या.”

“सल्ला तर आमचे हेही देतात. पैसे कोण देतं ते सांग.”

कंपन्या देतात, असे मी म्हणताच तिच्या मुद्रेवर करुणेची जी छटा उमटली, ती त्या कंपन्यांविषयी होती की माझ्याविषयी याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. परंतु करुणा रास्त होती, याविषयी मात्र त्याच रात्री माझी खात्री पटली.

या व्यवसायाचे मूळपुरुष अमेरिकेत शोधण्याची रीत आहे. बोस्टनच्या आर्थर लिटल नामक रसायनशास्त्रज्ञाने १८८६ साली असे एक दुकान थाटले, आणि शिकागोच्या विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकविणाऱ्या जेम्स मॅकिन्झी या प्राध्यापकाने १९२६ साली दुसरे. दुसऱ्याच्या ताळेबंदात आपण डोकवावे आणि त्याबद्दल त्यानेच आपल्याला मोबदला द्यावा, ही कल्पना प्राध्यापकालाच सुचावी यात नवल नाही. तथापि मराठी माणसाला इतक्या दूरदेशी जाण्याचे प्रयोजन नाही. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि तलवार चालविण्याचा वकूब नसल्यामुळे नाना फडणीस अर्धे, असे साडेतीन शहाणे आपल्या अठराव्या शतकाने मसलतीच्या प्रांतात निर्माण केले. पंगतीहून परतल्यावर त्या रात्री स्फूर्ती मिळावी म्हणून मी त्यांची चरित्रे चाळावयास घेतली आणि चाळून झाल्यावर झोप गमावून बसलो. विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत कामास आले. सखारामबापू, ज्यांच्या मसलतीवाचून पुण्याचे पान हलत नसे, ते अखेर कैदेत वारले. आमच्या कंपनीतही ठराविक मुदतीत वरची पायरी न चढणाऱ्यास निरोपाचा नारळ देण्याचा प्रघात होताच. फरक एवढाच की आमच्याकडे त्या प्रसंगी केक कापीत. शिवाय नाना फडणीस जर अर्धे शहाणे, तर माझ्या शहाणपणाचा हिशेब आण्यापैंत मांडावा लागणार हे उघड होते, आणि आणे-पै तर कधीच चलनातून बाद झालेले.

माझ्या उमेदवारीचा भार ज्या मॅनेजरवर होता, तो माझ्याहून जेमतेम चारपाच वर्षांनी मोठा असून, कपाळावर एकही आठी न पाडता कोणत्याही विषयावर बोलण्याची विद्या त्याला साध्य होती. पहिल्याच दिवशी त्याने मला मंत्र दिला.

“एक वाक्य आजपासून विसर. ‘मला माहीत नाही.’”

“मग माहीत नसेल तेव्हा काय म्हणायचं?”

“म्हणायचं, ‘आकडे पाहून सांगतो.’”

हा मंत्र मी इतक्या निष्ठेने घोकला की, घरी आईने ‘जेवायला किती वाजता येणार?’ असे विचारले असताही माझ्या मुखातून तेच उत्तर बाहेर पडले. आणि त्यावर तिने जे उत्तर दिले त्यात आकडा एकही नव्हता.

बैठकांतून माझी अवस्था अधिकच बिकट होई. लांबोळक्या टेबलाभोवती बसलेले माझे समवयस्क, ज्यांच्या पदव्यांची नुसती नावे ऐकून छाती दडपावी, ते कंपनीच्या पार्टनरसाहेबांच्या प्रत्येक वाक्यावर मान डोलवीत, आणि मला त्या वाक्याचा पूर्वार्ध कळेपर्यंत उत्तरार्धावर चर्चा तहकूब झालेली असे. एकदा पार्टनरसाहेब म्हणाले, “इथे मूळ प्रश्न वेगळाच आहे.” सगळ्यांनी मान डोलविली. मीही डोलविली. बैठक संपल्यावर जिन्यात मी शेजारच्या विद्वानास हळूच विचारले की, तो मूळ प्रश्न कोणता? तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, “तुला कळला असेल असं वाटून मी तुलाच विचारणार होतो. तू फार जोरात मान हलवत होतास.”

अशा मनःस्थितीत कोणा हितचिंतकाने मला सांगितले की, हा एक नावाजलेला विकार असून पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९७८ साली त्यावर निबंध लिहिला आहे: आपण तोतये आहोत, आपले बिंग आज ना उद्या फुटणार, अशी धास्ती ज्यात रोग्यास अहोरात्र भेडसावते तो हा विकार. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया ज्या देशात उपजला त्या देशातील मनुष्याला ही कल्पना चटकन पटते. मी मोठ्या आशेने त्या निबंधाची हकीकत मिळविली, तो त्यात असे निघाले की विदुषींनी तपासलेल्या स्त्रिया खरोखरीच कर्तबगार होत्या. अर्थात हा विकार गुणवंतांना जडतो. तेव्हा माझ्यापुढे नवीनच पेच उभा राहिला: ज्याच्या अंगी गुण असल्याचा कोणताही कागदोपत्री पुरावा नाही, त्याने हा विकार आपल्याला आहे असे म्हणणे, हीच एक तोतयेगिरी नव्हे काय?

या प्रश्नाचा निकाल लागण्यापूर्वीच माझी तैनाती कोल्हापूरनजीकच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत झाली. उसाच्या चरकांची आणि ऑइल इंजिनांची हौस पुरविता पुरविता कोल्हापूरकरांनी बिडाच्या ओतकामात जे प्रावीण्य मिळविले त्याची ख्याती मी ऐकून होतो. परंतु ओतकाम प्रत्यक्ष पाहिलेले नसल्यामुळे पांढराशुभ्र सदरा परिधान करून मी तेथे उपस्थित झालो. चौदाशे अंशांहून अधिक तापलेला लोखंडाचा रस, साच्यांच्या वाळूत मिसळावयाची कोळशाची पूड आणि श्रावणातील कोल्हापुरी पाऊस या तिघांनी मिळून दुपारपर्यंत त्या सदऱ्याची जी कैफियत लिहिली, ती लॉजच्या धोब्याला अखेरपर्यंत वाचता आली नाही. फाउंड्रीत सर्वांनी अण्णा म्हणावे असे एक वयोवृद्ध फोरमन होते. माझ्याकडे आपादमस्तक पाहून त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, लग्नाला निघाला हुता का?”

आमच्यापुढील प्रश्न असा होता की, पावसाळ्यात या फाउंड्रीतून निघणारे कास्टिंग अवाच्या सवा संख्येने बाद होत. बाद झालेला नग पुन्हा भट्टीत जातो, त्यामुळे लोखंड फुकट जात नाही. परंतु ते दुसऱ्यांदा वितळविण्याच्या विजेचे बिल मालकांना फार झोंबत होते. मॅनेजरने फर्मावले की, प्रत्येक कामाला किती वेळ लागतो याची प्रथम इत्थंभूत नोंद कर. फ्रेडरिक टेलर या कालमापनाच्या महर्षींचे १९११ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक मी परीक्षेपुरते वाचले होते, आणि योगायोग असा की त्यातील सर्वांत गाजलेला दृष्टांतही कच्च्या लोखंडाचाच आहे: सुमारे बेचाळीस किलोची एकेक लगड उचलून गाडीत भरणारा मजूर, टेलरसाहेबांच्या शास्त्रानुसार वागू लागताच, दिवसाकाठी १२.५ टनांवरून ४७ टनांवर गेला, असे ते सांगतात. मी मोबाइलमधील स्टॉपवॉच सरसावून साचे भरणाऱ्यांपाशी उभा राहिलो. त्याबरोबर तेथील हालचालींना एक अपूर्व संथपणा प्राप्त झाला. जो गडी क्षणापूर्वी फावड्याने सपासप वाळू ओढत होता, तो आता दरेक फावड्यानंतर केस नीट करू लागला, दुसऱ्याने मला विचारले, “फोटो काढताय काय?” आणि होकाराची वाट न पाहता छाती काढून उभा राहिला. माझ्या नोंदींवरून हिशेब केला असता, तो कारखाना त्या वेगाने चालल्यास पाडव्यापासून दिवाळीपर्यंत एकच साचा तयार होईल असे सिद्ध होत होते. कंटाळून मी बाजूच्या ढिगातील कच्च्या लोखंडाची एक लगड, टेलरप्रणीत शास्त्राची परीक्षा पाहावी म्हणून, उचलू गेलो. ती जागची हलली नाही. मी मात्र पुढचे दोन दिवस कमरेत वाकून चालत असल्यामुळे, नवे साहेब फार विनयशील आहेत असा कामगारांत बोलबाला झाला.

शेवटी अण्णांनाच माझी दया आली. त्यांनी ढिगातली मूठभर वाळू घेतली, ती आवळली, मूठ उघडून बोटांच्या खुणा पाहिल्या, गोळा मधोमध मोडला आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

“ओली हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे ओली हाय. पावसात शेड गळतंय. वाळूत पाणी जास्त झालं की वाफ धरतीया, वाफंला वाट गावली न्हाई की मालात भोकं पडत्यात.”

“खात्री आहे तुमची?”

“खात्री कशी द्यायची, साहेब? वाळू हाय ती. पर वाटतंय असं.”

चाळीस वर्षे वाळू मुठीत धरलेला मनुष्य ‘वाटतंय’ म्हणत होता, आणि जिची ओळख होऊन आठवडा लोटला नव्हता त्या वाळूविषयी आमचा मॅनेजर फोनवर पार्टनरसाहेबांना ‘निर्विवादपणे’ हा शब्द वापरून काही सांगत होता. प्रयोगशाळेतील नोंदवह्या काढून पाहिल्या तेव्हा तीनचार टक्क्यांच्या आत राहावयाचे पाणी श्रावणात कोठल्या कोठे गेलेले, आणि वायू आरपार जाऊ देण्याची वाळूची क्षमता त्याच हिशेबाने खालावलेली आढळली. अण्णांचे ‘वाटतंय’ अक्षरशः खरे निघाले होते. त्यावर आम्ही आलेख काढले, रंगीत स्तंभ उभारले, आणि शेड गळते या एका वाक्याचा विस्तार एवढा केला की तो छापून काढला असता त्या शेडवर घालता आला असता.

सादरीकरणाच्या आदल्या रात्री, लॉजच्या खोलीत, पांढऱ्या रश्श्याने शांत केलेल्या पोटावर तांबड्या रश्श्याने पुन्हा दंगल उसळविली असताना, मॅनेजरच्या ध्यानात आले की कास्टिंग बाद होण्याच्या कारणांची जी टक्केवारी आम्ही मांडली होती, तिची बेरीज १०१ भरत आहे.

“हा एक टक्का कुठून आला?”

“अपूर्णांक पूर्ण करताना वाढला असेल.”

“असेल? पार्टनरसमोर ‘असेल’ म्हणणार आहेस?”

मध्यरात्र उलटून गेली. आम्ही तो एक टक्का वाळूतून वजा करून पाहिला, तो वाळू नाराज झाली. कोअरमधून, म्हणजे साच्यातल्या गाभ्याच्या रकान्यातून, काढला तर पुढचे तीन तक्ते कोलमडले. मला तर गाद्यांखाली शोधावासा वाटू लागला. पहाटे, डोळे चुरचुरत असता, मॅनेजरने न्यायाधीशाच्या थाटात निकाल दिला: “‘इतर’मधून काप. ‘इतर’कडे कोणी बघत नाही.”

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये भडंग आणि चहा यांच्या साक्षीने दरबार भरला. पार्टनरसाहेब मुंबईहून खास आले होते. मालक, त्यांचे नुकतेच धंद्यात पडलेले चिरंजीव, आणि खुर्चीऐवजी कोचावर मांडी घालून बसलेले थोरले मालक, ज्यांनी हा कारखाना काढला, असे तिघे समोर होते. प्रारंभी, वाळूचा विषय निघण्याआधी, पार्टनरसाहेबांनी धंद्याचे विहंगावलोकन म्हणून १९७० साली ब्रूस हेंडरसन यांनी प्रसिद्ध केलेली चौकट पडद्यावर आणली. तिच्यात मालाचे चार वर्ग पडतात: तारे, गाई, कुत्रे आणि प्रश्नचिन्हे. ट्रॅक्टरचे भाग हे तारे, पंपांची आवरणे या गाई, आणि ऑइल इंजिनाचे सुटे भाग, ज्यांच्यापासून थोरल्या मालकांनी संसार उभा केला, ते कुत्र्यांच्या खान्यात. ही चित्रे निवडण्याचे काम माझ्याकडे होते आणि कुत्रा मी जरा कृश निवडला होता.

थोरल्या मालकांनी चष्मा पुसला.

“पावणं, ते कुत्रं कुणाचं?”

“ती... ऑइल इंजिनाच्या भागांची खूण आहे,” मी म्हणालो.

“आणि गाय?”

“गाय म्हणजे ज्यातून पैसा काढायचा, पण फार गुंतवायचा नाही.”

“म्हंजे दूध काढायचं आन् वैरण घालायची न्हाई?”

“तसंच... साधारण.”

“असली गाय कुठं मिळती? आमच्यात गंगावेशीत म्हशी आणून समोर धार काढून देत्यात. त्या तर वैरणीबिगर लाथ घालत्यात.”

मालक खाली पाहून भडंग निवडू लागले; चिरंजीवांना ठसका लागला. पार्टनरसाहेबांनी हसून, फार मोलाचा मुद्दा आहे, असे म्हटले आणि पुढचे पान आणण्याची मला खूण केली. गडबडीत मी दोन पाने पुढे गेलो, आणि पडद्यावर ती टक्केवारी अवतीर्ण झाली. थोरल्या मालकांनी वाळू, कोअर, ओतण्याचा वेग या सर्व रकान्यांवरून नजर फिरविली आणि काठीचे टोक अचूक शेवटच्या रकान्यावर टेकविले.

“हे ‘इतर’ म्हंजे कोण?”

पार्टनरसाहेबांनी मॅनेजरकडे पाहिले. मॅनेजरने माझ्याकडे पाहिले. माझ्यामागे भिंत होती. प्राण कंठाशी आले असता मनुष्याला गुरुमंत्रच आठवतो.

“आकडे पाहून सांगतो,” मी म्हणालो.

“मग आत्ता आपण काय बघायला लागलोय?”

त्यानंतरची काही मिनिटे कशी गेली याची नोंद माझ्या स्मृतीच्या दप्तरात नाही. भानावर आलो तेव्हा वाळूचा विषय येऊन गेला होता, आणि मालक प्रसन्न मुद्रेने म्हणत होते, “पटलं. शेडचे पत्रे बदलायला घेतो.” कोपऱ्यात उभ्या असलेल्या अण्णांना त्यांनी विचारले, “अण्णा, तुम्हाला काय वाटतं?” मी श्वास रोखला, हे तर आपण दर श्रावणात सांगत आलो, असे ते आता म्हणणार आणि आमचे दुकान तेथल्या तेथे उठणार, हे मला दिसू लागले. परंतु अण्णा गंभीरपणे म्हणाले, “बरोबर असंल. साहेबांनी मशिनवर बघितलंय.” बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन त्या पानाची एक प्रत मागितली. “माझाच भरवसा नव्हता बघा,” ते म्हणाले. “वाटायचं, वाळूचं असंल, मग वाटायचं, आपल्याला काय कळतंय? आता इंग्रजीत आलंय.”

मी प्रत आणावयास वळलो, तो जिन्यापाशी चिरंजीव. लंडनहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन नुकतेच परतलेले हे गृहस्थ दिवसभर अत्यंत आत्मविश्वासपूर्ण मौन पाळून होते.

“एक विचारू? तुम्हाला हे सगळं इतक्या लवकर कळतं कसं? मी सहा महिने इथं बसतोय, मला अजून भट्टीचा ‘भ’ही कळंना. आमच्या आबांना सांगू नका.”

वस्तुतः मी त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडावयास हवा होता. त्याऐवजी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ज्या स्वरात मॅनेजर बोलतो त्या स्वरात म्हणालो, “सवयीचा भाग आहे.” त्याने माझ्याकडे ज्या आदराने पाहिले, तो आदर पाहून माझी मला भीती वाटली.

परतीच्या प्रवासात मॅनेजर पुढच्या आसनावर निद्रिस्त झाला आणि मागे मी व पार्टनरसाहेब असे दोघेच जागे राहिलो. कराड गेले, सातारा गेला. दिवसभरातील माझ्या पराक्रमांचा जाबसाल आता होणार, निदान त्या कृश कुत्र्याचा तरी, या अपेक्षेने मी राजीनाम्याचा मजकूर मनात रचीत होतो, आणि त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द घालावेत की न घालावेत एवढेच ठरावयाचे राहिले होते. खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरल्यावर, अंधार झाल्यावर, पार्टनरसाहेब हळूच माझ्याकडे झुकले.

“अरे, ते वाळूतून वायू जाण्याचं... ते नेमकं काय असतं? मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, पण मला ते कधी नीट समजलंच नाही.”

मी खिशातून रुमाल काढला, तो मुठीत आवळला आणि अण्णांनी दाखविल्याप्रमाणे सर्व दाखविले. ते बोगद्याच्या दिव्यांच्या उजेडात माझ्या मुठीकडे लक्षपूर्वक पाहत होते.

“खात्री आहे ना तुझी?”

“निर्विवादपणे,” मी म्हणालो.

“छान. सोमवारी मग सांगलीला जा. एक मोठी डेअरी आहे. मालक जरा तिरसट आहेत. पण तुला गाईंमधलं बरंच कळतं, असं मी त्यांना कळवून टाकलंय.”